धूरनळ्या, बोल्ट आणि पाने : मोटारीला नवे हेडर बसविण्यापूर्वींची सिद्धता

मोटारीचें झांकण उघडलें म्हणजे पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम मोठ्या आणि चकचकीत वस्तूंकडे जातें. कोणी कार्ब्युरेटर न्याहाळतो, कोणी पंखा, तर कोणी रंगविलेल्या झांकणांकडे बोट दाखवितो. बोल्टाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु ज्या कामाचा येथें विचार करावयाचा आहे, त्या कामाचें यश आणि अपयश बोटाच्या पेराएवढ्या बारा बोल्टांवर अवलंबून असतें. इंजिनाच्या मूळच्या बिडाच्या धूरनळ्या काढून त्यांच्या जागीं बाजारांतून आणलेल्या पोलादी नळ्या बसवावयाच्या, असें तें काम आहे. या नळ्यांना अमेरिकेंत हेडर म्हणतात. हा उद्योग मुख्यतः अमेरिकेंतला. तेथें पुष्कळ हौशी लोक सुटीच्या दिवशीं घराच्या आवारांत हें काम स्वतःच करतात. कित्येकांचें काम दोन दिवसांत तडीस जातें, तर कित्येकांचें महिनोन्महिने रेंगाळतें. अशा रेंगाळलेल्या कामाचें कारण शोधूं गेल्यास दोष बहुधा नळ्यांत नसतो, तो सिद्धतेंत असतो. नळ्यांना पैसे मोजतांना हात सैल सुटलेला असतो. बोल्ट आणि पाने घेतांना मात्र तोच हात आंखडतो.

हेडर म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. सिलिंडरांत पेट्रोल जळल्यावर उरलेला वायु एका झडपेवाटे बाहेर टाकला जातो. हा वायु नदीच्या प्रवाहासारखा अखंड वाहत नाहीं. तो पिचकारीच्या फवाऱ्यासारखा झटक्याझटक्यानें बाहेर पडतो. बहुतेक जुन्या इंजिनांत एका बाजूच्या चारही सिलिंडरांचे हे झटके बिडाच्या एकाच आंखूड पोकळ नळकांड्यांत सोडलेले असत. शाळा सुटल्यावर चार वर्गांचीं मुलें एकाच अरुंद दाराशीं एकदम आलीं, तर जी दाटी होते तीच येथें होते. हेडरांत प्रत्येक सिलिंडराला स्वतःची स्वतंत्र नळी मिळते, आणि त्या चार नळ्या पुढें कांहीं अंतरावर एका जाड नळींत येऊन मिळतात. या संगमाला कलेक्टर म्हणतात. एक झटका नळींतून वेगानें निघून गेला म्हणजे त्याच्या मागें दाब कमी होतो, आणि हा कमी झालेला दाब सिलिंडरांतील उरलासुरला जळका वायु ओढून घेण्यास साहाय्य करतो. नळ्यांची लांबी आणि व्यास इंजिनाला अनुरूप असतील तर इंजिनाचा श्वास मोकळा होतो. हेडरांचा मुख्य लाभ तो हाच.

ही कल्पना आजची नव्हे. फोर्ड कंपनीनें १९३२ सालीं स्वस्त व्ही-८ इंजिन बाजारांत आणलें, आणि दक्षिण कॅलिफोर्नियांतील कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर मोटारी पळविणाऱ्या तरुणांच्या हातीं एक नवें साधन आलें. १९३७ सालीं अशा मंडळांची साउदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था निघाली. १९४८ च्या जानेवारींत ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झालें. आणि १९६३ सालीं मोटारींचे असे सुटे भाग बनविणाऱ्या कारखानदारांनीं आपली संघटना स्थापन केली. उदाहरणासाठीं या परंपरेंतलेंच एक प्रसिद्ध इंजिन घेणें सोयीचें होईल. शेव्हर्ले कंपनीचे मुख्य अभियंते एड कोल यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें लहान व्ही-८ इंजिन १९५५ सालच्या मोटारींत प्रथम आलें. तेव्हां त्याचें माप २६५ घन इंच होतें. १९६७ सालच्या कॅमॅरो मोटारींत त्याचा ३५० घन इंचांचा अवतार आला. या इंजिनाच्या डाव्या बाजूस १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूस २, ४, ६, ८ हे सिलिंडर असतात, आणि ते १-८-४-३-६-५-७-२ या क्रमानें पेटतात. हा क्रम नीट पाहिला तर असें दिसेल कीं, डावीकडील पांच व सात हे लागोपाठ पेटतात, आणि उजवीकडील आठ व चार हेहि लागोपाठ पेटतात. म्हणजे दाराशीं दाटी होण्याची सोय मुळांतच आहे. म्हणून या इंजिनाला स्वतंत्र नळ्या मानवतात.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न बोल्टाच्या जाडीचा आणि आट्यांचा. वर सांगितलेल्या जुन्या शेव्हर्ले इंजिनाला ३/८ इंच, म्हणजे आपल्याकडील कारागिरांच्या भाषेंत तीन सुती बोल्ट लागतो, आणि त्याला दर इंचांत १६ आटे असतात. एका बाजूस सहा, असे दोन्ही बाजूंस मिळून बारा बोल्ट. परंतु त्याच कंपनीनें १९९७ सालच्या कॉर्व्हेट मोटारींत जें नव्या पिढीचें एलएस-१ इंजिन घातलें, त्याला ८ मिलिमीटर जाडीचा आणि १.२५ मिलिमीटर अंतरानें आटे असलेला बोल्ट लागतो. घराणें एक, नांव एक, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याला चालत नाहीं. फोर्डच्या ३०२ घन इंची इंजिनाला तीन सुती बोल्टच लागतात, पण ते सोळा लागतात. म्हणून ‘व्ही-८ साठीं हेडरचे बोल्ट द्या’ असें दुकानांत सांगून भागत नाहीं. मोटारीचें वर्ष, इंजिनाचें कुल आणि त्याचें डोकें बिडाचें आहे कीं अॅल्युमिनियमचें, एवढें तरी कागदावर लिहून न्यावें. पुढील उपयोगासाठीं मोटारीला पॉवर स्टिअरिंग आहे काय, क्लच पायाचा आहे कीं गिअर आपोआप बदलणारे आहेत, हेंहि त्याच कागदावर टिपावें. कारण हेडर इंजिनाला बसला तरी स्टिअरिंगच्या दांड्याला अडला, तर तो परत न्यावा लागतो.

दुसरा प्रश्न लांबीचा. येथें होणारी चूक फसवी असते. बोल्ट आंखूड असेल तर तो थोड्याच आट्यांवर लटकतो आणि आवळतांना ते आटे उपटून येतात. बोल्ट फार लांब असेल तर तो भोंकाच्या तळाला टेंकतो. पाना घट्ट लागतो, हाताला समाधान वाटतें, परंतु पट्टी मात्र सैलच राहते. सर्वसाधारण नियम असा कीं, बिडांत बोल्टाचे आटे निदान त्याच्या जाडीइतके खोल गेले पाहिजेत, आणि अॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूंत दीडपट किंवा अधिक. आतां हिशेब मांडून पाहूं. हेडरची पट्टी तीन सूत जाड, मधलें गॅस्केट अर्धा सूत आणि वॉशर अर्धा सूत धरला तर बोल्टाची चार सूत लांबी बाहेरच खर्च झाली. आंत निदान तीन सूत गेले पाहिजेत. म्हणजे सात सुतांचा बोल्ट पुरेसा, आणि पुरा इंचाचा अधिक बरा. पट्टी अडीच सुतांची असून वॉशर नसेल तर पाऊण इंची बोल्टहि चालतो. भोंक किती खोल आहे हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. आटे साफ केल्यावर बोल्ट नुसत्या बोटांनीं आंत फिरवावा आणि फेरे मोजावे. इंचांत सोळा आटे म्हणजे प्रत्येक फेऱ्यास बोल्ट अर्धा सूत आंत जातो. आठ फेरे झाले तर अर्धा इंच मिळाला. या मोजणीला कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. थोडा धीर मात्र लागतो. कांहीं इंजिनांत अशीं भोंकें आंतल्या पाण्याच्या पोकळींत उघडतात. तेथें आट्यांना पाणी अडविणारा लेप लावावा लागतो.

तिसरा प्रश्न डोक्याच्या आकाराचा. तीन सुती बोल्टाच्या नेहमींच्या षट्कोनी डोक्याला ९/१६ इंची, म्हणजे साडेचार सुती पाना लागतो. मूळच्या बिडाच्या नळकांड्याभोंवतीं एवढी जागा असते. हेडरांत मात्र प्रत्येक नळी पट्टीपासून लगेच वळलेली असते, आणि कांहीं बोल्ट दोन नळ्यांच्या बेचक्यांत दडलेले असतात. तेथें साडेचार सुती पाना शिरत नाहीं. शिरला तर फिरत नाहीं. म्हणून हेडरसाठीं मुद्दाम लहान डोक्याचे बोल्ट मिळतात. त्यांची जाडी तीच, पण डोकें साडेतीन किंवा तीन सुती पान्याचें. कांहींचें डोकें बारा कोनांचें असतें. त्याचा लाभ असा कीं, पाना एका फेऱ्याच्या बाराव्या भागाइतका सरकला तरी पुनः पकड घेतां येते. जेथें पाना एकेक इंच सरकवीत काम करावें लागतें, तेथें हा लाभ थोडा नव्हे.

चौथा प्रश्न धातूचा. अमेरिकन इंची बोल्टांच्या डोक्यावर रेघा कोरलेल्या असतात. तीन रेघा म्हणजे पांचवी प्रत, सहा रेघा म्हणजे आठवी प्रत. मध्यम जाडीच्या बोल्टांत पांचव्या प्रतीची तन्यशक्ति दर चौरस इंचास १,२०,००० पौंड आणि आठव्या प्रतीची १,५०,००० पौंड असते. मिलिमीटरच्या बोल्टांवर ८.८, १०.९ असे आंकडे असतात. ज्या बोल्टाच्या डोक्यावर कोणतीच खूण नाहीं, तो कपाटाच्या बिजागरीला ठेवावा. परंतु अधिक बळकट तोच अधिक चांगला, असेंहि येथें समजूं नये. हेडरचा बोल्ट बहुधा ताणानें तुटत नाहीं. तो तापण्यानें आणि थंड होण्यानें सैल होतो, किंवा गंजून अडकतो. साध्या बोल्टावरचा जस्ताचा मुलामा उष्णतेनें लवकर नाहींसा होतो. स्टेनलेस पोलाद गंजत नाहीं, परंतु त्याचे आटे घांसतांना एकमेकांना चिकटून बसण्याची खोड असते. त्यावर उपाय म्हणून आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ लेपाचें पातळ बोट लावावें. येथें एक सूचना महत्त्वाची आहे. लेप लावला म्हणजे घर्षण कमी होतें. त्यामुळें त्याच जोरानें आवळलेला बोल्ट अधिक ताणला जातो. कोरड्या बोल्टासाठीं सांगितलेला जोर लेप लावलेल्या बोल्टाला जसाच्या तसा लावूं नये. तो कांहीसा कमी करावा.

बोल्ट सैल कां होतात, हें समजलें म्हणजे पुढची निवड सोपी जाते. खेड्यांत बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हें समजण्यास अडचण पडणार नाहीं. धाव आधीं जाळांत तापवितात. तापली कीं ती वाढते आणि चाकावर सहज चढते. पाणी ओतलें कीं आवळून बसते. हेडरची पट्टी रोज थोड्या प्रमाणांत हेंच करीत असते. साधें पोलाद दर अंश सेंटिग्रेडला आपल्या लांबीच्या दहा लक्षांश बारा भागांनीं वाढतें. समजा, दीड फूट लांबीची पट्टी २० अंशांवरून २५० अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारें सव्वा मिलिमीटरनें लांब होते. तिच्या पाठीशीं असलेलें इंजिनाचें डोकें मात्र पाण्यानें थंड राखलेलें असतें. तें ९० अंशांच्या आसपास राहिलें तर त्याची तेवढीच लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच वाढते. म्हणजे मोटार तापतांना पट्टी डोक्यावरून जवळजवळ एक मिलिमीटर सरकूं पाहते, आणि थंड होतांना परत येते. असें हजार वेळां झालें कीं बोल्ट हळूच उलटा फिरूं लागतो.

यावर साधा स्प्रिंग वॉशर पुरेसा नाहीं, कारण वारंवार तापून त्याची स्प्रिंग मरते. नायलॉनची चकती असलेले नट तर येथें वापरूंच नयेत. ती चकती वितळून जाते. स्टड बसवावयाचे असतील तर सर्व धातूचे, स्वतः घट्ट धरणारे नट घ्यावे. बोल्टच वापरावयाचे असतील तर दोन मार्ग चांगले आहेत. एक, पाचरीच्या आकाराचे दांते असलेले जोडवॉशर. बोल्ट उलटा फिरूं लागला तर ते दांते एकमेकांवर चढतात आणि बोल्टाला अधिक ताणून धरतात. दुसरा, डोक्यावर पातळ पत्र्याचें पान आणि त्यावर क्लिप बसणारे बोल्ट; तें पान शेजारच्या नळीला टेंकतें आणि बोल्ट फिरूं शकत नाहीं. तारेनें बांधण्याचीहि पद्धत आहे. त्यासाठीं डोक्यांत आडवें भोंक असलेले बोल्ट लागतात. पट्टीचीं भोंकें बोल्टापेक्षां किंचित मोठीं असतात, तीं चुकीनें नव्हे. पट्टीला सरकण्यास तेवढी मोकळीक हवी असते. तीं भरून काढण्याच्या फंदांत कोणीं पडूं नये.

पट्टी आणि गॅस्केट यांकडेहि पाहिलें पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेनें स्वस्त हेडरची पातळ पट्टी वांकते. दुकानांतच सरळ धारेची पट्टी तिच्यावर आडवी ठेवून फटींतून उजेड दिसतो काय तें पाहावें. घरीं फीलर गेजचीं पातीं सरकवून फट मोजावी. पाव इंची पट्टीपेक्षां तीन सुती पट्टी कमी वांकते, म्हणून थोडे अधिक पैसे देऊन ती घ्यावी. नळीच्या तोंडाशीं वेल्डिंगचे थेंब आंत-बाहेर राहिले असतील तर कानशीनें काढावे. गॅस्केटांचे तीन प्रकार प्रचारांत आहेत. दाबलेल्या तंतूंचें गॅस्केट स्वस्त असतें, पण जळून खचतें. मऊ तांब्याचें गॅस्केट खाचाखोचांत चांगलें बसतें. पोलादी पत्र्याच्या अनेक थरांचें किंवा पोलादावर ग्राफाइट चढविलेलें गॅस्केट टिकाऊ असतें. मात्र थरांच्या गॅस्केटाला दोन्ही पृष्ठभाग सपाट लागतात. भोंक झडपेच्या तोंडापेक्षां लहान असेल असें गॅस्केट मुळींच घेऊं नये. तें वायूच्या वाटेंत उंबरठ्यासारखें आडवें येतें.

आतां हत्यारें. घरांत जो पान्यांचा संच असतो, त्यांतलें अर्धें या कामीं येत नाहीं. रिंग पान्याचे एक टोंक रॅचेटचें असेल तर अरुंद जागेंत काम लवकर होतें. गोटी पाना घ्यावयाचा तो सहा कोनांचा घ्यावा; गंजलेल्या बोल्टाच्या डोक्याचे कोन त्यानें सहसा झिजत नाहींत. त्याच्याबरोबर तीन, सहा आणि दहा इंचांचे लांबण दांडे आणि वांकणारा सांधा असावा. कावळ्याच्या पायासारखा दिसणारा उघडा पाना नळ्यांच्या बेचक्यांत उपयोगी पडतो. तो टॉर्क पान्याला काटकोनांत जोडावा. सरळ रेषेंत जोडला तर दांडा लांब झाल्यामुळें कांट्यावर दिसतो त्यापेक्षां अधिक जोर लागतो. कित्येक अनुभवी लोक एक स्वस्त पाना मुद्दाम कापून आंखूड करून ठेवतात. बारापैकीं एखादा बोल्ट तेवढ्या पान्यालाच दाद देतो. या सर्वांबरोबर आटे साफ करणारा चेसर पाहिजे. आटे पाडणारा टॅप त्याच्याऐवजीं वापरूं नये. टॅप धातु कापतो, आणि जुने आटे अधिकच पातळ होतात.

सर्वांत महाग पडते ती जुना बोल्ट काढतांना केलेली घाई. तीस-चाळीस वर्षें तापून-भिजून गंजलेला बोल्ट पहिल्या हिसक्यास निघेल अशी आशा करूं नये. आदल्या दिवशीं, इंजिन थंड असतांना, आट्यांत झिरपणारें तेल सोडावें आणि रात्रभर मुरूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं बोल्ट किंचित घट्ट करण्याच्या दिशेनें, मग सैल करण्याच्या दिशेनें, असा थोडथोडा हलवावा. पाना जड लागूं लागला कीं थांबावें, पुनः तेल द्यावें. एवढें करूनहि डोकें तुटलेंच, तर स्टडाचा जो तुकडा बाहेर उरला असेल त्यावर नट ठेवून वेल्ड करावा. वेल्डिंगच्या उष्णतेनें गंजाची पकडहि ढिली होते. तुकडा आंतच राहिला असेल तर मधोमध खूण करून उलट दिशेनें कापणारें ड्रिल लावावें. पुष्कळ वेळां तुकडा ड्रिलबरोबरच बाहेर येतो. खूण मधोमध नसेल तर मात्र आटे कापले जातात, आणि इंजिनाचें डोकें उतरवून कारखान्यांत न्यावें लागतें. ज्यानें तेलाची बाटली आणि एक रात्र वांचविली, त्याला डोकें उतरविण्याचा खर्च येतो.

काम मोटारीखालीं शिरून करावयाचें असतें, म्हणून एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, तोलून धरण्याचें नव्हे. मोटार उचलली कीं सपाट आणि टणक जमिनीवर लोखंडी घोड्या लावून तिचा भार त्यांवर ठेवावा, आणि हातानें हलवून खात्री केल्यावरच खालीं शिरावें. बॅटरीची उणी तार आधीं सोडावी. स्टार्टरची जाड तार नळ्यांच्या अगदीं जवळून जाते, आणि पाना तिला लागला तर ठिणगी उडते.

जोडणीचा क्रम असा. आधीं सर्व बोल्ट बोटांनीं चारपांच फेरे लावून घ्यावे. एकहि बोल्ट पान्यानें सुरू करूं नये, कारण तिरका लागलेला बोल्ट भोंक बिघडवितो. सर्व लागल्यावर मधल्या जोडीपासून आरंभ करून बाहेरच्या टोंकांकडे जावें, आणि एकदम न आवळतां दोन-तीन फेऱ्यांत आवळावें. जोर मोजण्याचें परिमाण फूट-पौंड हें आहे; एक फूट लांब पान्याच्या टोंकाला एक पौंडाचा जोर लावला म्हणजे एक फूट-पौंड. जुन्या बिडाच्या शेव्हर्लेला सामान्यतः २० ते २५ फूट-पौंड पुरतात. एलएस-१ ला कारखान्याच्या सूचनेप्रमाणें पहिल्या फेरींत ११ आणि दुसरींत १८. हेडरबरोबर आलेल्या कागदावर निराळा आंकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. टॉर्क पाना जेथें पोंचत नाहीं, तेथें हाताला माप शिकवितां येतें. सहा इंची पान्याच्या टोंकाला चाळीस पौंडांचा ओढा लावला कीं वीस फूट-पौंड होतात. पोंचत असलेल्या बोल्टावर टॉर्क पाना लावून मग आंखूड पान्यानें तोच ओढा हातांत घोळवावा. शेवटीं स्पार्क प्लगच्या तारा नळ्यांपासून दूर बांधाव्या आणि जेथें जागाच नाहीं तेथें उष्णता सोसणारे मोजे चढवावे.

बोल्ट आवळले म्हणजे काम संपलें, ही समजूत चुकीची आहे. इंजिन एकदा पुरतें तापूं द्यावें, मग पूर्ण थंड होऊं द्यावें, आणि सर्व बोल्ट पुनः तपासावे. असें पहिल्या कांहीं प्रवासांत दोन-तीन वेळां करावें. नव्या नळ्यांवरचा रंग व तेल जळून पहिल्या वेळीं धूर निघतो. म्हणून हें काम बंद खोलींत करूं नये. गळती ओळखण्याची खूण कानाला कळते. थंड इंजिन सुरू करतांच ‘टिक् टिक्’ असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो. पुष्कळ लोक त्याला झडपांचा आवाज समजून भलतीकडेच दुरुस्ती करतात. रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें प्रत्येक सांध्याजवळून फिरवावें, म्हणजे गळती कोठें आहे हें समजतें. किंवा इंजिन थंड असतांना मागच्या नळींतून हलकी हवा सोडून सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. जेथें फुगे येतील तेथें दोष आहे.

ही गळती केवळ कानाला त्रास देते असें नाहीं. जळलेल्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झांकणाखालीं गळलेला हा वायु हवेच्या झोतांतून मोटारींत शिरला तर बसणाऱ्याला आधीं डोकेदुखी, मग ग्लानि येते, आणि सावध होण्याची शक्तिच तो हिरावून घेतो. नव्या मोटारींत आणखी एक अनर्थ होतो. धूरनळींत ऑक्सिजन मोजणारें यंत्र बसविलेलें असतें. त्याच्या अलीकडे फट असेल तर बाहेरची हवा आंत ओढली जाते, यंत्र चुकीची वार्ता देतें, आणि इंजिनाला निष्कारण अधिक पेट्रोल मिळूं लागतें. मग ज्या मोकळ्या श्वासासाठीं एवढा खटाटोप केला, तो पदरीं पडत नाहीं.

कायद्याचाहि विचार आधींच केलेला बरा. अमेरिकेंत १९७५ सालच्या मोटारींपासून धुरांतील विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्वत्र प्रचारांत आला, आणि तो काढून टाकणें तेथील कायद्यास मान्य नाहीं. कॅलिफोर्नियांत धूर-नियंत्रणाखालीं येणाऱ्या मोटारीला रस्त्यावर हेडर लावावयाचा तर त्या हेडरला राज्याच्या हवा-मंडळाचा आदेश क्रमांक मिळालेला असावा लागतो. हा क्रमांक खरेदीपूर्वींच पाहून घ्यावा. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें नोंदविलेल्या तपशिलाविरुद्ध वाहनांत फेरबदल करण्यास मनाई करतें. म्हणून आपल्याकडील वाचकांनीं येथील माहितीचा उपयोग मूळच्या धूरनळ्यांची गळती आणि तुटके बोल्ट दुरुस्त करण्याकडे करावा, हें उचित. बीड, पोलाद आणि उष्णता यांचे नियम पुण्याला आणि कॅलिफोर्नियाला सारखेच आहेत.

तात्पर्य, खरेदीचा क्रम उलटा केला तर पुष्कळ दुःख टळतें. आधीं इंजिनाची माहिती, मग झिरपणारें तेल, आटे साफ करणारें साधन आणि जागेला पुरतील असे पाने, त्यानंतर योग्य लांबीचे, लहान डोक्याचे आणि न सुटणारे बोल्ट, मग गॅस्केट, आणि सर्वांत शेवटीं नळ्या. दुकानदार हाच क्रम नेमका उलटा सांगतो, कारण नळ्या भिंतीवर टांगलेल्या असतात आणि बोल्ट पुडींत बांधलेले असतात. ज्याच्या हातीं सोमवारीं सकाळीं धड मोटार असावी लागते, त्यानें शनिवारीं पहिला पाना उचलण्यापूर्वीं ती पुडी सोडून बारा बोल्ट एकदा हाताळून पाहावे.